शाळेचे ‘नामवंत माजी विद्यार्थी’ ठरवायचे कसे? सोलापूरकरांनो, बोला

सातरस्ता

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत गौरव सोहळा घ्यायचं ठरवलंय. शाळा सोलापुरातलीच, जुनी. नाव मुद्दाम देत नाही, कारण मी समितीत आहे आणि इथलं लिहिलेलं संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं.

पहिल्या बैठकीत नावं सुचवा म्हटल्यावर फळा भरायला वेळ लागला नाही. डॉक्टर, अमेरिकेतले इंजिनिअर, मंत्रालयातले साहेब, दोन बिल्डर, एक माजी नगरसेवक. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “निकष काय धरलाय?” त्यावर चहा आला आणि बैठक संपली.

प्रश्न सत्कारापुरता असता तर मी इथे आलो नसतो. शाळेच्या दर्शनी व्हरांड्यात एक मानफलक आहे. काळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने वर्ष, नाव, टक्के. १९७५ पुढे दोन नावं आहेत, कारण त्या साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही बॅच बसल्या. पुढे बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं आणि फलकावरची नावंही थांबली. खालचा अर्धा फलक कोराच आहे, त्यावर भिंतीच्या डिस्टेंपरचे शिंतोडे तेवढे आहेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, गौरव झाला की ती नावं तिथे लिहून टाकू.

तिथे एकदा नाव लागलं की पुढची पन्नास वर्षं पोरं ते वाचणार. म्हणून विचारतोय, कुणाचं लावावं? आणि शाल-श्रीफळापलीकडे गौरव करायची काही रीत तुमच्या शाळेत आहे का?

हुतात्मा_एक्स्प्रेस

चांगला धागा. आधी एक गोष्ट साफ करा. ‘सोलापूरचा’ आणि ‘शाळेचा’ यात फरक आहे. आपल्याकडे यादी करायला बसलं की गावातली सगळी मोठी नावं आपल्याच शाळेत कोंबायची खोड आहे. पॉली उम्रीगरांचा जन्म १९२६ चा, सोलापूरचा. कसोटीत द्विशतक काढणारा पहिला भारतीय, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. आता जन्म सोलापूरचा म्हणून दहा शाळा त्यांचा फोटो लावतील. पण तुमच्या रजिस्टरला नाव आहे का? नसेल तर लावू नका.

हरिभाई देवकरण प्रशालेने जब्बार पटेल आणि अतुल कुलकर्णी आमचे म्हटलं तर ते त्यांना शोभतं, कारण ते खरंच तिथे शिकले. जब्बार पटेल जन्माने पंढरपूरचे, पेशाने बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. एकीकडे पेशंट बघत ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ केले. अतुल कुलकर्णींना ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. यातलं काहीही दहावीच्या टक्क्यांवरून दिसलं नसतं, हे तुमच्या फलकाबद्दल.

कडक_भाकरी

काय बे सातरस्ता, निकषाचं लई टेन्शन घेऊ नको. निकष एकच असतोय, हॉलचं भाडं कोण देणार. जो देणार तो नामवंत. 😄

सिरियसली सांगतो. आमच्या शाळेत असला सोहळा झालता. पाहुणे दीड तास उशिरा. पोरं मैदानात मांडी घालून, ऊन डोक्यावर. स्टेजवर प्रत्येकाने ‘मी या मातीचं देणं लागतो’ म्हटलं. माझ्या शेजारचं पोरगं ते किती वेळा आलं ते पट्टीवर रेघा मारून मोजत होतं. त्या पोराचा सत्कार करा खरं तर.

मास्तरीणबाई

मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, सोलापुरातच. शाळेचं नाव मीही घेत नाही.

तुमच्या फळ्यावर आलेल्या नावांत मुली किती आहेत हो? तुम्ही लिहिलेलं वाचून एकही दिसली नाही. हा दोष समितीचाच असेल असं नाही. मी स्वतः एकदा जुन्या विद्यार्थिनी शोधायचा उद्योग केला आहे, म्हणून सांगते. जनरल रजिस्टरमध्ये माहेरचं नाव असतं. लग्नानंतर पहिलं, मधलं, शेवटचं सगळंच बदलतं. फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, मुली असतील तर आणखी एक पंचाईत. तेलुगू आडनाव लेखनिकाने कानावर पडेल तसं लिहिलेलं, त्यामुळे एकाच घरातल्या दोन बहिणींची आडनावं वेगळी. जन्मतारखेवरून ताळा करावा म्हटलं तर निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून! मुलांचा रुबाब टिकतो कारण त्यांचं नाव टिकतं.

यावर एकच उपाय लागू पडला. रजिस्टरमधला पत्ता घेऊन माहेरच्या गल्लीत जायचं. घर बदललं असलं तरी शेजारी कुणीतरी सांगतंच, “ती होय, ती लातूरला दिली. नर्स होती, आता मेट्रन आहे.” अशा मेट्रन, अशा ग्रामसेविका, अशा बँकेतल्या मॅनेजर बाई तुमच्या फळ्यावर आपोआप येणार नाहीत. त्यांना कुणीतरी शोधायला लागेल.

आणि कृपा करून त्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्यात जात असते, बापाचा धंदा असतो, सगळं असतं. बघायचं ते शाळेत बसून, मुख्याध्यापकांसमोर बघा.

सातरस्ता

बाई, बरोबर पकडलंत. फळ्यावर एकच नाव होतं मुलीचं, तेही ‘अमुक डॉक्टरांच्या मिसेस, त्याही आपल्याच शाळेच्या’ असं.

शेंगाचटणी

>> दोन बिल्डर, एक माजी नगरसेवक

हे वाचून हसू आलं, पण राजकारणी म्हणून सरसकट काट मारू नका. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात साधी नोकरी करत होते, मग पोलिसात सब-इन्स्पेक्टर, मग मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री. पक्ष आवडो न आवडो, कोर्टातल्या त्या नोकरीपासून गृहमंत्रालयापर्यंतचा रस्ता पोरांना सांगण्यासारखा आहे. फक्त एक पथ्य पाळा. सध्या पदावर असलेल्या किंवा निवडणुकीला उभं राहू शकणाऱ्या माणसाला ‘गौरवमूर्ती’ करू नका. पाहुणा म्हणून बोलवा, पुढच्या खुर्चीत बसवा. गौरवमूर्ती केला की फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवर शाळेचं नाव सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक.

पूर्वभाग

सगळ्यांचं वाचलं. माझ्या वर्गातल्या एका मित्राबद्दल लिहितो. नाव देत नाही, त्याला विचारलेलं नाही.

आठवीनंतर त्याची शाळा सुटली. वडिलांचा हात मागात गेला, घरात मोठा हाच. आज तो वॉल हँगिंग करतो, विणलेली चित्रं. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर माहीत, फार तर टॉवेल. हे काम त्याहून नाजूक. आधी ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवून चित्र उतरवायचं. मग धोट्याच्या प्रत्येक फेकीला पुठ्ठ्याचा एक पत्ता, त्याला चित्राबरहुकूम भोकं. ते पत्ते ओवून लांबलचक माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर जकार्डला चढवायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एक भोक चुकलं तर देवाच्या डोळ्यात पांढरी रेघ येते. बऱ्याच ठिकाणी आता डिझाइन कॉम्प्युटरवर करतात, पण माझ्या मित्राच्या कारखान्यात जुन्या पत्त्यांच्या माळा अजून खिळ्यांना टांगलेल्या आहेत. कुठली माळ कुठल्या चित्राची हे तो नुसती भोकं बघून सांगतो. मी समोर उभा राहून बघितलंय.

आता गंमत ऐका. आमच्या शाळेने मागे पाहुण्यांना भेट द्यायला सिद्धेश्वर मंदिराची वॉल हँगिंग घेतली, ती याच्याकडूनच. म्हणजे ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या हातात याचं काम, आणि हा बिलाची थकबाकी मागायला ऑफिसच्या दारात उभा. माजी विद्यार्थी म्हणून त्याला कुणी आत बोलावलं नाही, कारण संघाचं सभासद व्हायला दहावीचं सर्टिफिकेट लागत होतं.

माझा एकच मुद्दा. ज्याचं नाव रजिस्टरला आहे तो माजी विद्यार्थी. चौथीत सोडली असली तरी.

कडक_भाकरी

पूर्वभाग भाऊ, बिल मिळालं का त्याला?

पूर्वभाग

मिळालं, पुढच्या मार्चला.

न्यूजर्सी_ते_नवीपेठ

मी त्या ‘अमेरिकेतल्या इंजिनिअर’ कॅटेगरीतला. आमच्यावर एवढा राग का, असं विचारणार होतो, पण पूर्वभाग यांची पोस्ट वाचून गप्प बसलो.

माझी बाजू थोडी मांडतो. आईसाठी तो सत्कार फार मोठा होता. बाबा मिलमध्ये होते, लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा घरात काय झालं ते तिलाच ठाऊक. मी तिकडे काय काम करतो ते तिला कधीच कळलं नाही. पण शाळेच्या स्टेजवर मुख्याध्यापकांनी माझं नाव घेतलं, ते तिला कळलं. ती शाल अजून कपाटात घडी घालून आहे. तेव्हा सत्कार म्हणजे नुसता देखावा, हे मला मान्य नाही.

दुसरं, आमच्या बॅचला शाळेला विज्ञान प्रयोगशाळेसाठी पैसे पाठवायचे आहेत. काही जण ग्रीन कार्डवर, काही जण नागरिक झालेत. कुणाच्या तरी खात्यावर एकत्र पाठवावे का?

सीए_बाळीवेस

न्यूजर्सी, थांबा. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर पाठवू नका.

ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय आहे तोवर तुमच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्गे पाठवलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र संस्थेने फाइलला ठेवावी. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं ते कायद्याने विदेशी स्रोत, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असलं तरीही. त्यांच्याकडून पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि तो पैसा दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत काढलेल्या खात्यातच यावा लागतो. सोलापुरातल्या बहुतेक शिक्षण संस्थांनी हे ऐकलेलंही नसतं. ‘मित्राच्या भारतातल्या खात्यावर पाठवतो, तो देईल’ ही पळवाट सुचेल. ती काढू नका, अडकते ती संस्था.

इथल्या लोकांसाठी: देणगीवर आयकरात ८०जी ची वजावट हवी तर २००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, आणि संस्थेकडून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या. नवीन करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच नाही, मग शाळेवरच्या प्रेमाने द्या.

माजी विद्यार्थी संघ स्वतंत्र नोंदवलेला आहे का, तेही बघा. नसेल तर पैसा संस्थेच्याच खात्यात, ‘प्रयोगशाळेसाठी’ असं पत्र जोडून.

नंदीध्वज

मला डॉ. कोटणीसांबद्दल लिहायचंय.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. मुंबईला जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले. १९३८ ला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथे बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. चीनमध्ये त्यांना के दिहुआ म्हणतात. शिच्याच्वांगला त्यांचा पुतळा आहे. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय. चांगलं आहे, आत जाऊन बघा.

पण माझा अनुभव असा, की गावातल्या दहावीच्या पोरांना विचारलं तर ‘पुतळा आहे त्यांचा’ यापलीकडे उत्तर येत नाही. चार हुतात्म्यांचंही तेच. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ही चार नावं चौकामुळे पाठ असतात. १९३० चा मार्शल लॉ काय होता, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी का झाली, हे विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात. फलकावर नाव लावलं म्हणजे माणूस कळला असं होत नाही. सातरस्ता, तुमचा कोरा फलक नावांनी भरून टाकायची एवढी घाई का?

सातरस्ता

नंदीध्वज, पटलं. फलक भरायची घाई मुख्याध्यापकांना आहे, त्यांची निवृत्ती जवळ आलीय. 🙂

माझ्या डोक्यात हळूहळू असं तयार होतंय: सोहळ्याआधी नववीच्या पोरांनी दोन-दोनच्या जोडीने माजी विद्यार्थ्यांना भेटायचं. घरी, दुकानात, मागावर, दवाखान्यात. प्रश्न पोरांचेच. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग शुद्ध वहीत उतरवायचं. स्टेजवर त्या माणसाची ओळख समितीने नाही, त्या जोडीने करून द्यायची. वही शाळेच्या ग्रंथालयात राहील.

मास्तरीणबाई

हे करा. पण पोरांना आधी तयार करा, नाहीतर ती विचारतात, ‘तुमचा आवडता विषय कोणता?’ आणि समोरचा सांगतो, ‘गणित’. संपलं. त्यांना शिकवा, वस्तूबद्दल विचारा. पहिला पगार किती होता, तो कशावर खर्च झाला? शाळेत कोणत्या रस्त्याने यायचात? शाळा सोडली ती तारीख आठवते का? माणसं वस्तूवर बोट ठेवलं की बोलतात. ‘यशाचं रहस्य’ विचारलं की भाषण देतात.

मुलाखत छापायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवा. काही गोष्टी बोलताना निघून जातात, कागदावर नको असतात.

शेंगाचटणी

आणि शिक्षक? माढ्याच्या परितेवाडीतले जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालायची त्यांची कल्पना सगळ्यांना माहीत आहे. पण डिसलेंना घडवणारे शिक्षक कोण, हे किती जणांनी विचारलं? तुमच्या सोहळ्यात गौरवमूर्तीने आपल्या एका शिक्षकाचं नाव घ्यावं आणि हयात असतील तर त्यांना शेजारी बसवावं.

हुतात्मा_एक्स्प्रेस

>> एका शिक्षकाचं नाव घ्यावं

यात शिपाईमामांना धरा. आणि शाळेबाहेरच्यांनाही. जब्बार पटेल सोलापुरात प्रा. श्रीराम पुजारींच्या घरी राहून शिकले. शाळेइतकीच ती माणसं घडवतात. पण हे वहीत येऊ द्या, स्टेजवर नको, नाहीतर कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालेल.

तारखेचं काय? कुणीतरी १२ जानेवारी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, नको. हुतात्मा दिन असतो, लगोलग गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावर अक्षता. पुण्याहून गाडीत जागा मिळत नाही, गावात लॉज मिळत नाही.

पूर्वभाग

वहीची कल्पना आवडली. मित्राला आज विचारलं. म्हणाला, “पोरं येऊ देत, पण संध्याकाळी सहानंतर, माग बंद झाल्यावर. चालू असताना एकमेकांचं ऐकू येत नाही.” स्टेजवर यायचं का म्हटल्यावर मात्र नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही.

सातरस्ता

नकोच आग्रह. सहाची वेळ पोरांना सांगतो.

काल दुसरी बैठक झाली. सभासदत्वासाठीची दहावीची अट काढली, त्यावर मात्र अर्धा तास भांडण झालं. ‘मग कुणीही येईल’ असं एकजण म्हणाले. ‘येऊ देत की’ असं बाकीचे. पदावरच्या माणसाला गौरवमूर्ती करायचं नाही, हे मान्य झालं, पण माजी नगरसेवकाबद्दल एकमत नाही. ते पुढच्या वेळी उभे राहणार की नाही, हे त्यांनाच माहीत नाही म्हणे. शाल राहणार. न्यूजर्सींच्या आईंची गोष्ट मी वाचून दाखवली, त्यावर कुणी वाद घातला नाही. भाषण प्रत्येकी पाच मिनिटं, वेळ पाळायला नववीतलीच एक मुलगी घंटा घेऊन बसणार.

फलकाचा निर्णय पुढे ढकललाय. मुख्याध्यापक नाराज आहेत.

माहेरच्या पत्त्यावरून शोधायच्या मुलींची यादी तयार आहे, रजिस्टर शाळेतच बसून बघितलं. बाळीवेस, कन्ना चौक, जोडभावी पेठ, दाजी पेठ इथे फिरायला माणसं हवीत. तेलुगू आणि कन्नड बोलता येत असेल तर सोन्याहून पिवळं. वेळ असेल त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा.

कडक_भाकरी

दाजी पेठ मी घेतो. तेलुगू येतं, आजी शिव्या तेलुगूतच द्यायची. रविवारी सकाळी चालेल का? आणि सोबत एखादी बाई द्या बे, नाहीतर मी एकटा दारात उभा राहून ‘तुमची मुलगी कुठं दिली’ विचारलं तर मार खाईन.

मास्तरीणबाई

मी येते. सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत.